रुमालाखालची बोटं

ट्रेनिंग दोनचं, म्हणजे अडीचचं.
प्रोजेक्टरची वायर सापडेना,
मागच्या रांगेत लॅबमधला सुतार पेंगत होता
आणि मी पाकिटातला पेढा मोडून
अर्धा नातीसाठी ठेवत होते.
बत्तीस वर्षं जखमा धुतल्यात मी,
आता ह्या मला काय शिकवणार.

डॉक्टर हुक्केरी बाई वायरीची वाट बघत थांबल्या नाहीत.
एवढंच विचारलं :
आपण पेशंटला विचारतो,
उत्तर कोण देतं?

पंखा खडखडत राहिला.
मला बापाचा खाकरा ऐकू आला.

बाप हेडी. वडगावच्या बाजारात
म्हशीचे दात बघायचा, कास चाचपायचा,
मग गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन
वर रुमाल टाकायचा.
भाव तोंडानं बोलायचा नाही कधी.
बोटं बोलायची.
अमकं बोट धरलं की इतके, मूठ आवळली की जमत नाही,
आठ वर्षांच्या मला सगळं शिकवलेलं त्यानं.
म्हैस शेजारी रवंथ करत उभी.
तिला कोण विचारतंय.

आणि ती पोरगी.
साल आठवत नाही. रजिस्टर तेव्हा
हिरव्या कापडी बांधणीचं होतं, एवढं आठवतं.
पोटात दुखतंय, म्हणाली मावशी.
नाव सोनी, म्हणाली मावशी.
वय एकोणीस, नवरा ट्रकवर, मोरीत घसरून पडली,
सगळं मावशीच.
बोलायला गोड, अस्सल गंगावेशीची,
मला दोनदा ताई म्हणाली.
पोरीचा हात तिच्या हातात,
वर ओढणी.
ओढणीखाली काहीतरी हललं.
मी पाहिलं.
हेड्याची लेक मी, मी पाहिलं
आणि इंजेक्शन भरलं.

जाताना पोरगी एक शब्द बोलली,
तिचा स्वतःचा, तेवढाच :
"जोल."
मला ऐकू आलं, झोल.
मी हसले. म्हटलं, बघा,
आल्या आल्या शिकली की आमची भाषा!
मावशीपण हसली.
मी लिहिलं : पडून मार. गोळ्या तीन दिवस.

वायर सापडली होती. हुक्केरी बाई सांगत होत्या,
सोबतच्या माणसाला दुभाष्या करू नका.
बंगालची एक मुलगी आमच्या वॉर्डात
दुपारभर जोल, जोल म्हणत होती.
पाणी मागत होती हो.

पेढा हाताला चिकटला.
माझ्या टेबलावर तेव्हाही तांब्या होता.
भरलेला.

सुतार जागा झाला. म्हणाला,
मग काय, थेट पोलिसांना फोन?
बाई म्हणाल्या, आधी दार.
सोबत्याला बाहेर काढायचं,
भांडून नव्हे, कामाला लावून.
मग तिला विचारायचं. तिच्या भाषेत, तिच्या चालीनं.
लहान असेल तर थांबायचं नाही, दहा-नऊ-आठ लावायचा.
मोठी असेल आणि नको म्हणाली,
तर पुन्हा यायची वाट तिला ठाऊक करून द्यायची.
मी वहीत फक्त "दार" लिहिलं.
पुढचं लिहायला पेन चालेना.

सोमवारी एक आली. सोबत काका.
कुठं दुखतंय, मी विचारलं.
काकांनी सांगितलं.
म्हटलं, काका, केसपेपरवर शिक्का राहिलाय,
सात नंबरची खिडकी, तेवढा मारून आणा.
सोमवारी सात नंबरला रांग
पार रिक्षा स्टँडपर्यंत जाते, हे मला माहीत आहे.
त्यांना नव्हतं.

दार लोटलं.
खरेच काका असतील. असू देत.
मी दोन्ही हात टेबलावर ठेवले,
उघडे, कशाखाली नाहीत.
पेला भरून तिच्याकडं सरकवला.
विचारलं, आणि गप्प बसले.

ती आधी दाराकडं बघते.
मग पाण्याकडं.
बाहेर रांग एक पाऊल पुढं सरकते.
मी थांबले आहे.